चाचणीचा उत्तरार्ध

तान्ह्या बाळांना द्यायच्या मेनिंजायटिसच्या लसींच्या चाचण्यांची कागदपत्रं तपासणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. कोणत्या बाळाला कधी ताप आला, कुणाच्या मांडीवर किती सूज आली, रक्ताचा नमुना ठरल्या दिवशी घेतला की चार दिवस उशिरा, असले तपशील वर्षानुवर्षं वाचत आले आहे. चाचणीतून काय कळलं असं लोकांना वाटतं आणि प्रत्यक्षात काय कळलेलं असतं, यांत बरंच अंतर असतं. 'चाचणीत किती बाळं आजारापासून वाचली?' हा प्रश्न सगळे विचारतात, आणि तो रास्तच आहे. पण मेनिंगोकॉकस या जिवाणूविरुद्धच्या आजच्या लसींच्या बाबतीत त्याचं प्रामाणिक उत्तर 'ते चाचणीत मोजलंच नव्हतं' असं आहे. आजार टळला हे दाखवून या लसींना परवाना मिळालेला नाही. बाळांच्या रक्तात काय बदल झाला ते दाखवून मिळाला आहे. यात लपवाछपवी काही नाही, सगळं कागदावर असतं. मात्र त्यामुळे परवान्याच्या दिवशी चाचणीचा पूर्वार्ध तेवढा संपलेला असतो. उत्तरार्ध लसीकरण सुरू झाल्यावर दवाखान्यांत आणि प्रयोगशाळांत पार पडतो, आणि तो पूर्वार्धाइतकाच काटेकोर असायला हवा, असं माझं म्हणणं आहे. पूर्वार्धाला आपण नियमांची, कमिट्यांची, सह्याशिक्क्यांची केवढी तटबंदी उभारतो. उत्तरार्ध बहुतेक देशांत रामभरोसे चालतो.

आजार टळणं चाचणीत का मोजत नाहीत, याचा हिशेब सरळ आहे. समजा, एखाद्या देशात वर्षभरात लाखातल्या तीस बाळांना बी गटाच्या मेनिंगोकॉकसचा आजार होतो. प्रादुर्भाव जोरात असताना ब्रिटनमधलं प्रमाण यापेक्षा फार निराळं नव्हतं. आता तीन हजार बाळं घेतली, निम्म्यांना ही लस दिली, निम्म्यांना दुसरी एखादी, आणि वर्षभर वाट पाहिली, तर सगळ्यांत मिळून फार तर एखादं बाळ आजारी पडेल, बहुधा तेही नाही. त्यावरून लस चालते की नाही हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. भरवशाचं उत्तर हवं असेल तर लाखा-दोन लाखांनी बाळं लागतील. दुसरीकडे, हा दुर्मीळ आजार अतिशय निर्दय आहे. वेळेत अँटिबायोटिक मिळूनही दहातला एखादा रुग्ण दगावतो, वाचलेल्यांपैकी काहींना कायमचं बहिरेपण येतं, काहींना फिट्स सुरू होतात, काहींची बोटं किंवा पाय कापावे लागतात. सकाळी नुसतं किरकिरणारं बाळ संध्याकाळी अतिदक्षता विभागात असतं. अशा आजाराची पुरेशी प्रकरणं जमेपर्यंत थांबायचं, ही कल्पनाच बहुतेक एथिक्स कमिट्यांना झेपत नाही.

म्हणून आजाराच्या जागी दुसरं काहीतरी मोजायचं. हे दुसरं काहीतरी कुणी हवेतून काढलेलं नाही. १९६९ साली गोल्डश्नायडर, गॉट्श्लिख आणि आर्टेनस्टीन यांनी अमेरिकेतल्या फोर्ट डिक्स या लष्करी तळावर आलेल्या रंगरुटांचं रक्त आधीच साठवून ठेवलं आणि पुढे मेनिंगोकॉकसची साथ आल्यावर कोण आजारी पडलं ते पाहिलं. आजारी पडलेल्या ५४ जणांपैकी फक्त तिघांच्या रक्तात तो जिवाणू मारण्याची ताकद होती. निरोगी राहिलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ८२ टक्के होतं. त्याच संशोधकांनी वयानुसार आलेख काढला. आईकडून आलेल्या अँटिबॉडीज ओसरल्या की साधारण सहा महिने ते दोन वर्षं या काळात बाळाचं रक्त सर्वांत निःशस्त्र असतं, आणि आजारही याच वयात सर्वांत जास्त. दोन्ही रेषा एकमेकींच्या अगदी उलट धावतात. तेव्हापासून रक्ताची ही मारकशक्ती हाच या लसींचा मापदंड झाला. बाळाच्या रक्तातलं सीरम पातळ करत न्यायचं, त्यात जिवंत जिवाणू आणि कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं घालायची, आणि दुसऱ्या दिवशी प्लेटवर उरलेल्या वसाहती मोजायच्या. किती पातळ करेपर्यंत निम्मे जिवाणू मरतात, तो आकडा. माणसाचं कॉम्प्लिमेंट वापरलं तर ४, सशाचं वापरलं तर ८, किंवा त्याहून जास्त असेल तर बाळ सुरक्षित मानायचं.

वाचायला हे जितकं नेटकं वाटतं तितकं ते नाही. मूळ पुरावा तरुण सैनिकांचा, आणि तो आपण दोन महिन्यांच्या बाळाला लावतो. तान्ह्या बाळाचं रक्त काढायचं ते दोन-चार मिलिलिटर, आणि तेवढ्यात नेहमीच्या सगळ्या लसींचा परिणामही तपासायचा असतो, कारण नव्या लसीनं जुन्या लसींचं काम बिघडवलं तर नाही हेही पाहावं लागतं. बी गटाच्या लसीत तर चार निरनिराळे घटक आहेत आणि प्रत्येकासाठी वेगळा जिवाणू घेऊन वेगळी चाचणी करावी लागते. पुष्कळदा रक्तच पुरत नाही, मग या बाळांचं हे तपासा, त्या बाळांचं ते, अशी वाटणी होते. शिवाय रक्त तपासतात ते डोसानंतर एका महिन्यानं, म्हणजे अँटिबॉडीज अगदी भरात असताना. मृगाआधी घर शाकारून झाल्यावर माणसं कौलांवर दोन बादल्या पाणी ओतून पाहतात, त्यातलाच हा प्रकार. ओतून पाहायलाच हवं, पण तो पाऊस नव्हे.

पाऊस कसा असतो ते ब्रिटनमध्ये दिसलं. नोव्हेंबर १९९९मध्ये त्या देशानं सी गटाची कॉन्जुगेट लस राष्ट्रीय कार्यक्रमात आणली, जगात पहिल्यांदा. जिवाणूच्या आवरणातली नुसती साखर टोचली तर दोन वर्षांखालची बाळं तिला नीट दाद देत नाहीत, म्हणून ती साखर एका प्रथिनाला जोडलेली असते. ही लस आणताना हाती होते ते रक्तातले आकडे आणि सुरक्षिततेच्या नोंदी. आजार टळल्याचा चाचणीतला पुरावा नव्हता. बाळांना दोन, तीन आणि चार महिन्यांना असे तीन डोस ठरले, आणि मोठ्या मुलामुलींना मोहिमेत एकेक. काही वर्षांत सी गटाचे रुग्ण नव्वद टक्क्यांहून जास्त घटले. एखाद्या देशानं इथं टाळ्या वाजवून फाइल बंद केली असती. ब्रिटननं प्रत्येक रुग्णाचा जिवाणू प्रयोगशाळेत ओळखणं आणि त्याच्या लसीची नोंद तपासणं चालू ठेवलं, आणि २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये जे छापून आलं त्यानं लसशास्त्रातली एक आवडती समजूत मोडली. बाळपणी तीन डोस घेतलेल्यांमध्ये लसीची परिणामकारकता पहिल्या वर्षात ९३ टक्के होती आणि वर्ष उलटल्यावर ती दाखवताच येत नव्हती. तोवर असं मानलं जाई की अँटिबॉडीज ओसरल्या तरी शरीराची 'स्मरणशक्ती' उरते आणि ती वेळेला धावून येते. ती धावते, पण तिला बरेच दिवस लागतात. मेनिंगोकॉकस तितका धीर धरत नाही. ही गोष्ट परवान्याआधीच्या कुठल्याही चाचणीत कळणं शक्य नव्हतं.

मग संरक्षण ओसरलेली बाळं आजारी का पडली नाहीत? कारण त्यांच्या थोरल्या भावंडांना लस मिळाली होती. मेनिंगोकॉकस प्रामुख्यानं किशोरवयीन मुलामुलींच्या घशात वस्तीला असतो, त्यांना काही न करता. लसीकरणानंतर १५ ते १७ वयाच्या विद्यार्थ्यांमध्ये सी गटाचे वाहक दोन तृतीयांशांनी कमी झाल्याचं आढळलं. बाळापर्यंत जिवाणू पोचायचा रस्ताच अरुंद झाला. याचा उपयोग वेळापत्रकात झाला: २००६ साली बाळपणीचा एक डोस काढून वर्षाच्या सुमारास बूस्टर आला, २०१३मध्ये किशोरांना डोस आणि बाळांचा आणखी एक कमी, २०१६मध्ये पहिल्या वर्षातला उरलेला डोसही गेला. लसीकरणाचे टीकाकार म्हणतात की एकदा सुरू झालेली सुई कुणी कधी काढत नाही. इथं नीट मोजल्यामुळे बाळाच्या पहिल्या वर्षातल्या तीन सुया वाचल्या, आणि संरक्षण कमी झालं नाही. चाचणीचा उत्तरार्ध म्हणते तो हा.

बी गटाची लस हे अधिक अवघड प्रकरण. या जिवाणूच्या आवरणातली साखर माणसाच्या चेतापेशींवरच्या साखरेसारखीच असल्यामुळे शरीर तिला परकं मानत नाही; म्हणून रिनो रॅप्पुओली आणि सहकाऱ्यांनी जिवाणूचा सगळा जिनोम चाळून पृष्ठभागावरची प्रथिनं निवडली. युरोपात २०१३च्या जानेवारीत परवाना मिळाला. बाळांवरच्या मोठ्या चाचणीत साडेतीन हजारांच्या वर बाळं होती. रक्तातले आकडे उत्तम आले: तीन डोसांनंतर दोन घटकांविरुद्ध जवळपास सगळी बाळं मारकशक्तीची रेषा ओलांडून गेली, तिसऱ्याविरुद्ध ८४ टक्के. पण ही लस नेहमीच्या लसींबरोबर दिली तेव्हा चारातल्या तीन बाळांना कोणत्या ना कोणत्या डोसानंतर ३८.५ अंशांच्या वर ताप आला. नुसत्या नेहमीच्या लसींनंतर निम्म्याहून कमी बाळांना. ताप दोनेक दिवसांत उतरत होता. तरी दोन महिन्यांच्या बाळाला ताप येणं ही क्षुल्लक बाब नव्हे. कोणताही शहाणा बालरोगतज्ज्ञ अशा बाळाला रक्ततपासणीसाठी दाखल करून घेईल, प्रसंगी पाठीतलं पाणीही काढेल. लसीचा ताप कोणता आणि मेनिंजायटिसचा कोणता, हे पाळण्याकडे पाहून कळत नाही. सुरक्षिततेच्या तक्त्यात 'सौम्य, तात्पुरता' असा शेरा मारून मोकळं होण्याची सवय आमच्या व्यवसायात आहे, आणि ती मला कधीच पटलेली नाही.

मग ताप येण्याआधीच पॅरासिटामॉल द्यावं का? २००९ साली चेक प्रजासत्ताकातल्या एका चाचणीत दिसलं होतं की आधीच दिलेल्या पॅरासिटामॉलमुळे काही लसींच्या अँटिबॉडीज कमी होतात. म्हणजे बाळ शांत झोपेल, पण लस अर्धवट लागेल. बी गटाच्या लसीसाठी ही शंका वेगळ्या चाचणीनं तपासावी लागली. तिथं ताप घटला आणि मारकशक्ती टिकली. म्हणून ब्रिटनमध्ये या लसीबरोबर पॅरासिटामॉलचे तीन डोस द्यायला सांगतात. एका लसीचं उत्तर दुसरीला लावता येत नाही, हे कागदावर सोपं वाटतं. दर वेळी कुणाला तरी ते नव्यानं तपासावं लागतं.

दुर्मीळ धोक्यांचा हिशेब तर आणखी कठोर आहे. तीन हजार बाळांत एखादी गंभीर घटना एकदाही दिसली नाही, तर एवढंच म्हणता येतं की तिचं प्रमाण बहुधा हजारात एकापेक्षा कमी असावं. दहा हजारांत एकदा होणारी गोष्ट अशा चाचणीच्या डोळ्यांखालून सहज निसटेल. १९९९ साली अमेरिकेत रोटाव्हायरसची पहिली लस आतड्यात आतडं शिरून अडकण्याच्या धोक्यापायी बाजारातून काढावी लागली; ते प्रमाण साधारण दहा हजारांत एक होतं. बी गटाच्या लसीबद्दल कावासाकी या रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या आजाराची शंका होती, कारण चाचण्यांत त्याची मोजकी प्रकरणं दिसली होती. सप्टेंबर २०१५पासून ब्रिटननं ती दोन, चार आणि बारा महिन्यांना द्यायला सुरुवात केली, आणि पहिल्या वीसेक महिन्यांत तेरा लाखांच्या आसपास बाळांना तीस लाखांच्या घरात डोस दिल्यावर तपासलं तेव्हा कावासाकी किंवा फिट्स यांचं प्रमाण एरवी अपेक्षित असतं त्याहून जास्त आढळलं नाही. तीन हजारांचा पुरावा तेरा लाखांपाशी पोचला तेव्हा कुठं त्या शंकेला उत्तर मिळालं.

परिणामकारकतेचंही तसंच. पहिल्या दहा महिन्यांत दोन डोसांची परिणामकारकता ८२.९ टक्के निघाली. वर्तमानपत्रांनी हा आकडा छापला. त्याच्या शेजारची २४ ते ९५ ही अनिश्चिततेची मर्यादा कुणी छापली नाही. तीन वर्षांनी चित्र स्पष्ट झालं: पात्र वयोगटात २५३ रुग्ण अपेक्षित असताना ६३ झाले, म्हणजे पाऊण घट. पण त्याच अहवालात तीनही डोसांची परिणामकारकता ५९ टक्के आहे आणि तिची खालची मर्यादा शून्याच्याही खाली जाते. एकाच अभ्यासातले दोन आकडे असे बोलतात तेव्हा सोयीचा उचलून चालत नाही. रुग्ण जितके कमी होतात तितकी टक्केवारी डळमळीत होते. लस यशस्वी होण्याची ती किंमत आहे. माझ्या मते ६३ आणि २५३ हा पुरावा जास्त भरवशाचा, कारण तो प्रत्यक्ष रुग्णांच्या मोजणीवर उभा आहे. शिवाय ऑस्ट्रेलियात हजारो किशोरांवरच्या अभ्यासात या लसीनं घशातल्या वाहकांमध्ये काहीच फरक पडला नाही. म्हणजे सी गटासारखा थोरल्यांचा आधार इथं नाही. प्रत्येक बाळाला स्वतःच लस घ्यावी लागणार, ताप सोसून.

यावर पहिला आक्षेप असा की मग खरी, आजार मोजणारी चाचणी होईपर्यंत थांबा. जिथं आजार पुरेसा आहे तिथं तशा चाचण्या झाल्याच आहेत. हिब हा मेनिंजायटिसचा दुसरा मोठा जिवाणू. गॅम्बियात ४२ हजारांहून अधिक बाळांवर त्याच्या कॉन्जुगेट लसीची चाचणी झाली आणि १९९७ साली गंभीर हिब आजाराविरुद्ध ९५ टक्के परिणामकारकता दिसली. पण दुर्मीळ आजारात 'थांबा' म्हणणं म्हणजे न मोजलेल्या मृत्यूंना चालू द्या म्हणणं. दुसरा आक्षेप जास्त टोकदार: गोऱ्यांच्या लसी काळ्या मुलांवर तपासल्या जातात. १९९६ साली नायजेरियातल्या कानोमध्ये भर साथीत एका अमेरिकी कंपनीनं मेनिंजायटिस झालेल्या मुलांवर नव्या अँटिबायोटिकची चाचणी घेतली. संमती खरोखर घेतली होती का यावर वर्षानुवर्षं खटले चालले. ते औषध होतं, लस नव्हे, पण त्या अविश्वासाची किंमत २००३ साली तिथं पोलिओच्या लसीला मोजावी लागली. हा आक्षेप केवळ इतिहास म्हणून झटकता येत नाही. त्याला मिळालेलं सर्वांत चांगलं उत्तर पुण्यात तयार झालं.

१९९६-९७ची आफ्रिकेतली साथ अडीच लाख रुग्णांची आणि पंचवीस हजार मृत्यूंची. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही स्वयंसेवी संस्था यांच्या प्रकल्पात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं ए गटाची कॉन्जुगेट लस बनवली, डोसामागे अर्ध्या डॉलरच्या आत. पहिला टप्पा भारतातल्या प्रौढांवर झाला, पुढचे माली, गॅम्बिया, सेनेगलमध्ये, म्हणजे जिथं लस वापरायची तिथंच. तान्ह्या बाळांवरच्या चाचण्या घानातल्या नवरोंगोत आणि मालीत. तुलनेसाठी नुसतं पाणी टोचलं नाही, उपयोगी दुसरी लस दिली. ए गटाची ही लससुद्धा मारकशक्तीच्या आकड्यांवरच परवाना मिळालेली. डिसेंबर २०१०मध्ये बुर्किना फासोपासून मोहीम सुरू झाली. वर्षभरानं चाडमध्ये राजधानी एन्जामेना आणि भोवतालच्या भागात १ ते २९ वयाच्या सुमारे अठरा लाख लोकांना लस मिळाली, बाकी देशाला अजून मिळायची होती, आणि २०१२ साली साथ आली. लस मिळालेल्या भागात लाखामागे अडीच रुग्ण, इतरत्र जवळपास ४४. संख्याशास्त्रज्ञ म्हणतील की ही चिठ्ठ्या टाकून केलेली विभागणी नव्हे, राजधानीत दवाखानेही बरे असतात. खरं आहे. पण दवाखाने बरे असले तर रुग्ण जास्त सापडायला हवेत, कमी नव्हे. शिवाय घशात ए गटाचा जिवाणू आधी ४,२७८ जणांपैकी ३२ जणांत होता, लसीनंतर ५,००१ जणांपैकी एकात. एक वर्षाखालच्या बाळांना या मोहिमेत सुई टोचलीच नव्हती; ती वाचली ती मोठ्यांमुळे. पुढे जन्मणाऱ्यांसाठी नऊ महिन्यांपासून पाच मायक्रोग्रॅमचा छोटा डोस पुरतो, हे घाना-मालीच्या चाचण्यांनी दाखवलं. २०१७नंतर आफ्रिकेतल्या मेनिंजायटिसच्या पट्ट्यात ए गटाचा एकही खात्रीशीर रुग्ण आढळलेला नाही.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र माझ्याच मुद्द्यातून निघतो. परवान्यानंतरही चाचणी चालू असेल, तर देशातलं प्रत्येक बाळ विनासंमती चाचणीत आलं की! पूर्वार्धात आईबाबांना पानंच्या पानं वाचून दाखवतात, प्रत्येक तापाची डायरी भरून घेतात, स्वतंत्र समिती डोळ्यांत तेल घालून बसते. उत्तरार्धात बाळाला सुई टोचून वीस मिनिटांत घरी पाठवतात. याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. इतकं म्हणता येईल की ही अवस्था टाळता येत नाही, लपवता मात्र येते, आणि लपवणं हा गुन्हा आहे. लस देणाऱ्या नर्सनं 'एकदम सेफ आहे' म्हणण्याऐवजी 'ताप येईल, अमुक झालं तर लगेच आणा, आणि आम्हाला कळवा' म्हणावं. कळवलेलं कुठंतरी नोंदलं जावं. ती नोंद कुणीतरी वाचावी. आणि वाचून निघालेला आकडा, गैरसोयीचा असला तरी, छापला जावा. ब्रिटननं २००४ साली छापला.

आपल्याकडे हा उत्तरार्ध किती कच्चा आहे ते हिबच्या वेळी दिसलं. लस आणावी की नाही यावर वर्षानुवर्षं वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि वादाच्या मुळाशी होतं हे की देशात हिबचा मेनिंजायटिस नेमका किती, हेच नीट मोजलेलं नव्हतं. बाळ मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत त्याला दोन ठिकाणी अँटिबायोटिक मिळालेलं असतं; पाठीतलं पाणी काढलं तरी कल्चरमध्ये काही उगवत नाही; अहवालावर 'नो ग्रोथ' येतं आणि आजार नोंदीतून नाहीसा होतो. डिसेंबर २०११मध्ये केरळ आणि तामिळनाडूतून हिबचा समावेश असलेली पेंटाव्हॅलंट लस सुरू झाली, पुढे सगळीकडे पोचली, आणि बाळांचं भलंच झालं असं मानायला सबळ कारणं आहेत. पण ब्रिटनसारखं ६३ आणि २५३ आपल्याला सांगता येत नाही, कारण २५३ किती हेच आधी माहीत नव्हतं. पुण्यातच बनलेली पाच गटांची नवी लस २०२४पासून नायजेरियात वापरात आली आहे. मेनिंगोकॉकसची लस आपल्या राष्ट्रीय लसीकरणात नाही. उद्या ती आणायचा विचार झालाच, तर पहिला खर्च लसीवर नको, जिल्हा रुग्णालयांतल्या पाठीच्या पाण्याच्या पीसीआर तपासणीवर हवा, निदान दोन वर्षं आधी; मागाहून सुरू केलेल्या मोजणीला तुलना करायला काही उरत नाही.